तांबड्या शाईची रेघ

मी स्वतः कधी विमानात बसले नाही. माझी धाव हैदराबादेतल्या हैदराबादेत, चिक्कडपल्लीहून कोठीपर्यंत, तीही सिटी बसने, आणि रिटायर झाल्यापासून तेवढीही नाही. तरी लंडनपासून कुवेतपर्यंत अशा कितीतरी नर्सेस आहेत की माझ्या सहीशिवाय त्यांना तिथे कोणी थर्मामीटरही धरू दिला नसता. घरात मी हे बोलले की मुलगा म्हणतो, "आई, तू फक्त शिक्के मारायचीस." बरोबर आहे. पण शिक्का मारला नाही, किंवा चुकीचा मारला, तर काय होतं हे त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते आहे.

मी ज्या सरकारी कचेरीत नोकरी केली तिथे नर्सेसची नावं नोंदवली जात. नर्सिंगची परीक्षा पास झाली म्हणून मुलगी नर्स होत नाही. आमच्या रजिस्टरात नाव चढलं, नंबर पडला, की ती नर्स. एखादीने गंभीर गुन्हा केला तर नाव काढून टाकायचं. मग ती नर्स नाही, हात कितीही कुशल असला तरी. थोडक्यात, बाई नर्स आहे की नाही हे तिच्यापेक्षा आमचं कपाट जास्त खात्रीने सांगू शकत असे.

बाहेरच्यांना वाटतं की परदेशी जायचं म्हणजे व्हिसा काढायचा. व्हिसा सगळ्यांत शेवटी. आधी इंग्रजीची परीक्षा, आणि तिचा निकाल दोनच वर्षं चालतो. मग तिकडचं नर्सिंग बोर्ड कागद तपासतं, आणि तपासता तपासता आमच्याकडे एक फॉर्म पाठवतं. त्यात प्रश्न मोजकेच. ही बाई तुमच्याकडे नोंदलेली आहे का? कोणत्या नावाने? नोंद आज चालू आहे का? तिचं नाव कधी काढून टाकलं होतं का? उत्तर आम्ही बंद पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर आडवी सही आणि शिक्का मारून थेट तिकडे पाठवायचं. बाईच्या हातात द्यायचं नाही. तिकडून होकार आला की हॉस्पिटलचं पत्र, आणि मग कुठे व्हिसा.

हातात द्यायचं नाही हा नियम मी एकदाच मोडला. वरंगलच्या एका मुलीची आई आली होती. म्हणाली, "एक मिनिट द्या मेडम, तुमच्या डोळ्यांसमोर." दिलं. तिने पदराच्या गाठीतून पुडी सोडली आणि शिक्क्याला हळदकुंकू लावलं. नमस्कार करून पाकीट परत दिलं. मी ते पोस्टात टाकलं. तीन महिन्यांनी पाकीट परत आलं, प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत पत्र: पाकिटावर तांबड्या आणि पिवळ्या रंगाचा अनोळखी पदार्थ आढळल्यामुळे ते उघडण्यात आलेलं नाही.

पण आमची खरी डोकेदुखी म्हणजे नावं. तेलुगू लोकांत घराचं नाव आधी, आणि तेही एका अक्षरात. कागदावर नुसतं 'जी. पद्मावती'. तिकडून विचारणा यायची की हे जी कोण. आम्ही कळवायचो की ते घर आहे.

आपल्या मराठी मुलींची तऱ्हा आणखी वेगळी. हैदराबादेत आणि भैंसा, आदिलाबाद, जहीराबादकडे मराठी घरं पुष्कळ, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत अजून लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत आहे. आडनाव बदलतंच, शिवाय पहिलं नावही. म्हणजे नर्स नोंदलेली असते एका बाईच्या नावावर आणि पासपोर्ट असतो दुसरीच्या. तांदळात नाव लिहिल्याचा दाखला कोणी देत नाही. मी स्वतः बावीस वर्षं शैला होते. एका दुपारी मंगला उदगीरकर झाले. मला विचारलं नव्हतं. नाव वाईट नव्हतं, पण कोणी मंगला म्हणून हाक मारली की वर्षभर मी मागे वळून बघायचे, कोण आली म्हणून.

नियम असा होता की नाव बदललं की जुन्या नावाला हात लावायचा नाही, उजवीकडे शेऱ्याच्या रकान्यात नवं नाव आणि हुकमाचा नंबर लिहायचा. पण शेऱ्याकडे कोणाचं लक्ष जात नसे, आणि दाखला जुन्याच नावाने निघून जाई. म्हणून मी माझी एक पद्धत काढली. शेरा तर लिहायचाच, शिवाय जुन्या नावावरून तांबड्या शाईची एक रेघ ओढायची. पट्टी धरून, अगदी बारीक. खालचं नाव वाचता आलं पाहिजे इतकी बारीक. त्या बाईचं ते नाव होतं, ते खोडून काळं करायला मला जमलं नसतं. ज्यांची नावं खरोखर काढून टाकली, त्यांच्यावर काळ्या शाईची फुली असे. तांबडी रेघ म्हणजे लग्न, काळी फुली म्हणजे शिक्षा. आमच्या कचेरीत हे सगळ्यांना पाठ होतं.

सगळ्यांना म्हणजे मला आणि सूर्यनारायणगारूंना. गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी'. हे आमचे सुपरिंटेंडेंट, गुंटूरकडचे, नियमाचे पक्के. त्यांनी पहिल्याच वर्षी मला बजावलं होतं, "मेडमगारू, रजिस्टरात आपल्या मनाची खूण करू नये. आपण जातो, रजिस्टर राहतं." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तांबड्या शाईची नवी दौत मागवली.

मग राज्याचे दोन भाग झाले. मोर्चे, घोषणा हे सगळं पेपरात येऊन गेलं आहे. कचेरीत वाटणी कशी होते ते मात्र कुठे आलं नाही. खुर्च्या मोजल्या, पंखे मोजले. एक कपाट आमच्या वाट्याला आलं आणि त्याची किल्ली त्यांच्या. माणसंही वाटली. सूर्यनारायणगारू तिकडे गेले. घर इथे, मुलांच्या शाळा इथे, आणि ते विजयवाड्याला एका खोलीत. त्यांच्या खुर्चीवर तात्पुरती म्हणून मला बसवलं, आणि बढतीच्या पुढच्या यादीत तुमचं नाव पक्कं, असं वरच्या साहेबांनी सांगितलं.

रजिस्टरं मात्र वाटता येईनात. एकाच पानावर वर नलगोंड्याची मुलगी, खाली कर्नूलची. पान काय मधून फाडणार? शेवटी ठरलं की ज्या रजिस्टरात ज्यांची नावं जास्त, ते मूळ त्यांना. दुसऱ्यांनी झेरॉक्स घ्यावी. सहा जाड रजिस्टरं तिकडे गेली आणि त्यांच्या झेरॉक्स आमच्याकडे राहिल्या. रजिस्टर मशीनच्या काचेपेक्षा मोठं होतं. पानाची उजवी कड कापली गेली. त्या कडेला शेऱ्याचा रकाना होता. आणि झेरॉक्स काळी-पांढरी.

हे आता लिहिताना सरळ दिसतं. तेव्हा कोणालाच दिसलं नाही, मलाही नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी स्नेहा आली. भैंशाची मुलगी, मलकपेठेकडच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स. खुर्चीवर बसायच्या आधीच तिने टेबलावर एक कागद ठेवला. इंग्लंडहून आलेला. त्यात लिहिलं होतं की आपल्या नोंदणी कार्यालयाच्या उत्तरानुसार आपलं नाव रजिस्टरातून काढून टाकण्यात आलेलं आहे. याचा समाधानकारक खुलासा एकवीस दिवसांत न आल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.

"मेडम, मी काय केलं?" ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. नाव काढण्यासारखं मी काय केलं?"

एकवीसपैकी चार दिवस रडण्यात गेले होते. इंग्रजीची परीक्षा तिने ड्यूटी सांभाळून चार वेळा दिली, तेव्हा कुठे पास झाली, आणि त्या निकालाची दोन वर्षं त्याच महिन्यात संपत होती. अर्ज फेटाळला की परत पहिल्यापासून सगळं. तिकडचं हॉस्पिटल तिची जागा तोवर धरून ठेवणार नव्हतं. नवऱ्याने दुकान भावाच्या हवाली केलं होतं, मुलीचं नाव शाळेतून काढलं होतं.

मी फाइल मागवली. आमच्या उत्तराची प्रत निघाली. 'नाव काढून टाकले होते का?' यापुढे 'होय'. खाली सही माझी, सुंदर, दोन्ही टोकं वळवलेली. त्या महिन्यांत मी अशा उत्तरांवर गठ्ठ्याने सह्या करत होते, एका बाजूला वाटणीतल्या पंख्यांची यादी अजून चालूच असताना.

उत्तर तयार केलं होतं रहीमसाबांनी. हे वाटणीच्या धामधुमीत मत्स्य खात्यातून आमच्याकडे आलेले, रिटायरमेंटला टेकलेले, अतिशय सज्जन. मी झेरॉक्सचं पान त्यांच्यापुढे धरलं. 'रुक्मिणी माधवराव पांचाळ', स्नेहाचं लग्नाआधीचं नाव, आणि त्यावरून एक स्वच्छ काळी रेघ. शेरा गायब.

"मेडम, कटे सो नाम को कटा बोल्या मैं," ते म्हणाले. "गलत क्या बोल्या?"

काही गलत बोलले नव्हते. मासे असोत की माणसं, नावावरून रेघ ओढली की तो गेला, असंच जगात कुठेही समजतात. माझ्या एकटीच्या जगात तिचा अर्थ वेगळा होता.

साहेबांना सांगितलं. साहेब मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "मशीनवर घाला. झेरॉक्समध्ये दोष, म्हणून चूक. विषय संपला." खरं सांगते, मी मसुदाही केला. छत्तीस वर्षांत मला एक मेमो नव्हता आणि ती यादी महिन्याभरात निघणार होती. पण मसुदा वाचला तेव्हा लक्षात आलं की यात एक भोक आहे. मशीनने शेरा कापला, कबूल. रेघ मशीनने ओढली नव्हती. तिकडचे लोक कुंकवाचं पाकीट न उघडता परत पाठवणारे. ते मूळ पान मागणार, आणि मूळ पानावर रेघ असणारच. मग विचारणार, नाव कोणी कापलं आणि कशासाठी? याचं उत्तर देऊ शकणारी बाई एकच होती. फार मोठेपणा घेण्यासारखं यात काही नाही. दुसरी वाट नव्हती, असती तर मी तिने गेले असते की काय, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मूळ पान विजयवाड्याला. रीतसर पत्र पाठवलं असतं तर उत्तर यायला दोन राज्यांना आणखी एकदा वेगळं व्हावं लागलं असतं. मी सूर्यनारायणगारूंना फोन केला, एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि पहाटेच्या बसने निघाले. पोचले तर त्यांनी रजिस्टर काढून, धूळ पुसून, पान उघडून ठेवलेलं. सगळीकडे न उघडलेली खोकी, मध्ये एक टेबल, त्यावर आमचं ते जुनं रजिस्टर. माझंच अक्षर, तांबडी रेघ, शेऱ्यात 'विवाहामुळे नाव बदल: स्नेहा', हुकमाचा नंबर, तारीख. सगळं जिथल्या तिथे.

"रेघ खरंच बारीक आहे, मेडमगारू," ते चष्मा वर करून म्हणाले. "नाव नीट वाचता येतं."

"म्हणूनच तशी ओढली होती."

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले. मी मान हलवली. माणूस खरा असला की तो हे वाक्य बोलायचं कधी सोडत नाही. मग त्यांनी पानाचा रंगीत फोटो काढवला, त्यावर हे मूळ पानाप्रमाणे आहे असं लिहून सही-शिक्का दिला. असा दाखला द्यायचा अधिकार त्यांना होता का, हे त्यांनी नियमात बघितलं नाही. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच.

परत आल्यावर मी खुलासा लिहिला. नर्सचा काही दोष नाही, तिची नोंद एक दिवसही खंडित नव्हती, नावावरील रेघ नियमात नसलेली असून ती माझ्या स्वतःच्या पद्धतीची आहे, आणि चुकीच्या उत्तरावरची सहीही माझीच आहे. नाव, हुद्दा, सही. पाकीट बंद केलं, तोंडावर आडवी सही केली आणि स्वतः मोठ्या पोस्टात जाऊन दिलं. स्कॅन केलेली प्रत ईमेलने वेगळी.

अठराव्या दिवशी तिकडून एका ओळीचं उत्तर आलं: खुलासा मान्य. त्याच आठवड्यात मलाही एका ओळीचं पत्र आलं, ते आमच्याच खात्यातून. मेमो. यादी निघाली तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. सूर्यनारायणगारूंच्या खुर्चीतून उठून मी परत माझ्या जुन्या खुर्चीवर बसले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच बसले. वाईट वाटलं. खूप वाटलं. ती खुर्ची मला पाहिजे होती.

व्हिसा हातात पडल्यावर स्नेहा भेटायला आली, मुलीला घेऊन. पेढे दिले, वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, आता तिकडे गेल्यावर नाव बदलू नकोस म्हणजे झालं. ती हसली, मग जरा घुटमळली.

"मेडम, एक विचारू का? माझ्या हॉस्पिटलातल्या सिस्टर बोलल्या, त्या कचेरीत एक मराठी मेडम आहेत, त्यांच्याकडे जा, म्हणून मी आले. नाहीतर मी काय येत होते? भीतीनेच घरी बसले असते. ज्यांना तुमची ओळख नाही, त्या कुठे गेल्या असतील?"

मी छत्तीस वर्षं या खात्यात होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी माझ्या मेमोचं दुःख करत बसले होते.

जावक रजिस्टर काढलं. सहा रजिस्टरांच्या झेरॉक्सवरून गेलेली उत्तरं एकेक काढून, रहीमसाब आणि मी जेवणाच्या सुटीत ताडून पाहू लागलो. महिनाभराने यादी झाली. स्नेहाला धरून सहा जणींबद्दल आम्ही 'होय' कळवलं होतं. सहापैकी एकीवरही फुली नव्हती. सगळ्या लग्न झालेल्या.

उरलेल्या पाच जणींना पत्रं पाठवली, दुरुस्तीचे दाखले जोडून. दोन परत आली, पत्त्यावर कोणी नाही म्हणून. एकीच्या भावाने कळवलं की ती केव्हाच मस्कतला गेली, सुखात आहे. एकीने पोच दिली, बाकी काही लिहिलं नाही. पाचवी विजयलक्ष्मी. तिचं काहीच उत्तर नव्हतं, पण पत्ता अफझलगंजच्या मागच्या गल्लीतला होता, माझ्याच बसच्या वाटेवर, कोठीच्या थोडं पुढे. एका शनिवारी मी उतरले.

घरी सासू होती. म्हणाली, सून नर्सिंग होममध्ये कामाला आहे, कोपऱ्यावर. मला हायसं वाटलं. निदान काम तरी करते आहे. दोन जिने चढून गेले. काउंटरच्या मागे पस्तिशीची बाई बसली होती आणि पेशंटना टोकन फाडून देत होती. साधी साडी. नर्सचा गणवेश नाही.

मी नाव सांगितलं, कचेरी सांगितली. ती एकदम उभी राहिली. माझं पत्र तिला पोचलं होतं. तिने ते उघडलंच नव्हतं.

"मैं नर्स की नौकरी छोड़ दी मेडम," ती पटकन म्हणाली. "उधर से मेल आया, दूसरे दिनइच छोड़ दी. किसी को सुई नहीं लगाई. पूछ लो इधर."

मी तिला बसवलं, समोरच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. झेरॉक्स दाखवली, दाखला दाखवला. रेघ लग्नाची होती, माझी होती, चूक माझी होती. तिचं नाव कधीच निघालं नव्हतं. ती ऐकत होती, मधेच कोणी आलं तर टोकन देत होती. मग टोकनांचं पुस्तक मिटून ठेवलं.

"मेरे एक पेशंट थे," ती म्हणाली. "बहुत पहले. रात को दवा देने को मेरे को देर हुई थी. सुबह गुज़र गए. कोई कुछ नहीं बोले, डॉक्टर भी नहीं. मेल आया तो मैं बैठ के सोची, कायके वास्ते नाम काटे होंगे. तो मेरे को वोइच याद आए." ती माझ्याकडे बघत होती. "उनके वास्ते नहीं था?"

"नाही ग," मी मराठीतच बोलून गेले. "कोणासाठीच नव्हतं."

 जिन्यांनी दम लागला होता की काय, मला सांगता येणार नाही. घाम फुटला होता आणि डोळ्यांपुढे काउंटर हलत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती काउंटरच्या मागून बाहेर आली, माझं मनगट आपल्या तीन बोटांत धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. टोकनसाठी दोन माणसं थांबली होती, त्यांना तिने नुसत्या मानेने थांबवलं. पूर्ण एक मिनिट ती हलली नाही.

"थोड़ी तेज है," ती म्हणाली. "बैठे रहो. मैं बीपी देखती."